मंडळाची किल्ली आणि आत्याची परात

न्यू यॉर्क,
१२ जानेवारी १९८७

ती. गझालाआत्यास,

शि. सा. न. मी खुशाल आहे. पाठ सोडली तर बाकी सगळं जागच्या जागी आहे. काल सहाव्या मजल्यावरून पियानो उतरवला. मालकीणबाई जिन्यात उभी राहून सांगत होती की हळू धरा रे, तो फार नाजूक आहे. मी म्हटलं, बाई, मीही आहे. पण ते आपल्या भाषेत म्हटलं, त्यामुळे तिने प्रेमाने मान डोलावली.

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझं वाचन तुला ठाऊकच आहे, पहिल्यांदा अक्षरं लावायची, दुसऱ्यांदा अर्थ. तर तालुका पंचायत होलोकॉस्ट शिक्षण व स्मृती मंडळ काढणार, त्याला आपल्या गावची अंडी निवडायची खोली मिळाली, आणि नऊ सभासदांत तू एकटी बाई. इथवर ठीक. पण तुझ्याकडे काम कसलं, तर चहाचं! तुझ्या तोंडापुढे अख्खं गाव टिकत नाही आणि तू तिथे नुसती किटली घेऊन फिरणार?

खोलीला कुलूप नाही असं लिहिलंस म्हणून एक पाठवतोय. एका बँकेचं सामान हलवत होतो, तिथला साहेब ते टाकून देणार होता. म्हणाला, याच्यावर करवत चालत नाही. किल्ली सोबत आहे, जपा. हरवली तर कंपनीला अर्ज करायचा आणि तीन महिने वाट बघायची.

इथे मला सगळे सॅम म्हणतात. माझा ट्रकवाला म्हणतो, तुझं खरं नाव घेताना घशात माशाचा काटा अडकतो. बरंय, सोपं पडतं.

आतोबांना आणि त्यांच्या टर्कींना नमस्कार. लोभ आहेच. लसूण-मिरचीच्या चटणीची बरणी पाठवलीस तर आणखी वाढेल.

तुझा भाचा,
सॅम

&nbsp;

तल्मे रिमोन,
८ फेब्रुवारी १९८७

चि. खामूस यास गझालाआत्याचे अनेक आशीर्वाद.

सॅम नावाच्या कोणाला मी ओळखत नाही. त्याचं पत्र चुकून माझ्याकडे आलं, पण कुलूप चांगलं होतं म्हणून ठेवून घेतलं. ते बसवायला एक लोहार, तुझे आतोबा आणि सल्ला देणारे सहा जण लागले. खुर्च्या, माइक, झेंडा, कागदपत्रं, सगळं आता आत सुरक्षित. किल्ली माझ्याकडे, कारण चहावालीला सगळ्यांच्या आधी जावं लागतं.

मंडळाचं काय सांगू. दोन बैठका ‘शिक्षण व स्मृती’ म्हणायचं की ‘स्मृती व शिक्षण’, यात गेल्या. तिसरी उद्घाटनाला मासा कुठला, यात. अध्यक्ष पोमेरान्झ मास्तर, पोलंडमधल्या बियालिस्टोकचे, फार सभ्य माणूस. ते म्हणाले, गोड मासा. तुझे आतोबा सभासद नसताना दारातून ओरडले की तिखटच हवा, गोड मासा म्हणजे त्या माशाला दुसऱ्यांदा मारणं आहे. शेवटी ठराव झाला, बिस्किटं.

चौथ्या बैठकीत मास्तरांनी शाळेत शिकवायचे धडे वाचून दाखवले. पोलंड, हंगेरी, ग्रीस. मग म्हणाले, २६ एप्रिलला, स्मृतिदिनी उद्घाटन, आणि आपल्या तालुक्यातल्या लोकांनी जी माणसं गमावली त्यांची यादी वाचायची. मी किटली खाली ठेवली आणि विचारलं की यात आमची जादोची छावणी कुठाय. पंचायतीचा कारकून म्हणाला, आत्याबाई, ते आफ्रिकेतलं, हे युरोपातलं प्रकरण आहे. मास्तरांनी त्याला गप्प केलं. म्हणाले, गझालाबाई, मला खरंच ठाऊक नाही हो, एखादा कागद आणा, लगेच नाव घालतो.

कागद! इटलीवाल्यांनी आम्हाला बेनगाझीतून ट्रकांत भरलं तेव्हा आईने भांडी उचलली. कागद कोण उचलतंय?

तुला आम्ही सांगत आलो की तुझं नाव ज्याच्यावरून ठेवलं तो काका तापाने गेला. ताप खरा आहे. पण तो जादोच्या छावणीतला ताप. तिथे पाव नव्हता, औषध नव्हतं, आणि तो काकाबिका नव्हता, सात वर्षांचा होता. मी अकराची, तुझा बाप आईच्या पोटात. तुझा बाप कधी बोलला नाही, कारण त्याला आठवायला काही नव्हतं. मी बोलले नाही, कारण मला होतं.

त्याचं नाव त्या यादीत यावं, एवढंच मला हवंय. नाहीतर राजीनामा देईन आणि किटली घरी आणीन. किटली माझी आहे.

जेवत जा. माया आहे तशीच आहे, फक्त सॅमवर नाही.

तुझी आत्या

&nbsp;

न्यू यॉर्क,
२० फेब्रुवारी १९८७

ती. आत्यास,

शि. सा. न. या वेळी पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा कशाला, ते मला सांगता येणार नाही.

राजीनामा देऊ नकोस. कागद नाही तर तोंड आहे ना? शेजारच्या रिनाच्या लग्नात तू नवऱ्यामुलाच्या चार पिढ्यांच्या खोड्या एका दमात म्हटल्या होत्यास, तेव्हा कुठला कागद होता हातात? उभी राहा आणि सांग. तो कसा होता, त्याला काय आवडायचं, तेही सांग. त्यांना नाही तर निदान मला लिही.

दोन दिवसांपूर्वी एक कपाट माझ्या पायावर पडलं. कपाटाला काही झालं नाही. तू माझी काळजी करतेसच, ती चालू ठेव, मला सवय आहे.

तुझा सॅम
घरचा खामूस

&nbsp;

तल्मे रिमोन,
३ एप्रिल १९८७

चि. खामूस यास अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकून मी पुढच्या बैठकीत उभी राहिले. सगळे बघायला लागले. मी तोंड उघडलं आणि विचारलं, साखर किती? चौघांनी एकेक चमचा सांगितला. मी बसले.

आता दुसरं ऐक आणि हसू नकोस. चार दिवसांपूर्वी निसान, वल्हांडण सणाचा महिना, लागला. त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे बसीसाची परात मांडली. भाजलेलं पीठ, साखर, खजूर, तेल, वर माझ्या बांगड्या. रीतीप्रमाणे पिठात फिरवायला घराची किल्ली शोधते तर ती तुझ्या आतोबांच्या खिशात, आणि आतोबा टर्कींच्या शेडमध्ये. शेजारीपाजारी बोटं बुडवायला जमलेले. मी ॲप्रनच्या खिशातली मंडळाची किल्ली काढली. म्हटलं, घराबरोबर मंडळाचंही भलं होऊ दे. सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हटली की देवा, तू किल्लीविना दारं उघडतोस, आमचंही उघड. मग गप्पा निघाल्या, मी नेहमीसारखे अकरा घरांना डबे भरले, आणि सकाळी बघते तर बांगड्या आहेत, किल्ली नाही.

अकराही घरं शोधली. कोणी पीठ चाळलं, कोणी पोराचं पोट दाबून पाहिलं. पोमेरान्झ मास्तर म्हणाले, मी तर सगळं संपवलं, फारच रुचकर होतं. मग कळलं की परात खरवडून आतोबांनी टर्कींना घातली होती. आता चाळीस टर्की संशयित आहेत. कारकून दोरीला लोहचुंबक बांधून त्यांच्या मागे पळतोय आणि मंडळाचा तोंडी ठराव केलाय की चौकशी पूर्ण होईपर्यंत एकाही टर्कीची विक्री होऊ नये. लोहाराच्या तीन करवती मोडल्या. दार जाड लोखंडाचं, झरोका मांजरापुरता.

यादी, भाषणं, धडे, सगळं आत अडकलंय. दिवस उरले तेवीस. मास्तर माझ्यावर रागावत नाहीत, तेच जास्त लागतं. तुझं कुलूप फार चांगलं आहे रे बाबा.

आशीर्वाद दिलेत ते पुरवून वापर, सध्या माझ्याकडे कमी आहेत.

आत्या

&nbsp;

न्यू यॉर्क,
१३ एप्रिल १९८७

ती. आत्यास,

शि. सा. न. पत्र आत्ताच आलं. मी ट्रकमध्ये इतका हसलो की ट्रकवाल्याने विचारलं, कोणी मेलं का. टर्कींना आधी सोडून द्या. आतोबांना सांग, चाळीस जणांवर एकदम आळ घ्यायचा नसतो.

आता नीट ऐक. उद्घाटन तुझ्या अंगणात घे. खुर्च्या नसतील तर टर्कींचे पिंजरे उलटे घाला. आणि कागदांचं म्हणशील, तर ते आता कोणाकडेच नाहीत ना? मास्तरांकडे नाही, कारकुनाकडे नाही, तुझ्याकडे तर नव्हतेच. ज्याने त्याने आपली माणसं तोंडाने सांगायची. अशी वेळ पुन्हा येणार नाही, आत्या.

किल्लीची काळजी सोड. रागावलीस तरी पत्र टाक, रागाचं चालेल.

तुझा सॅम-खामूस

&nbsp;

तल्मे रिमोन,
२९ एप्रिल १९८७

चि. खामूस यास पोटभर आशीर्वाद.

झालं एकदाचं. पंचायतीचे लोक पिंजऱ्यांवर बसले, कोटांना पिसं चिकटली. कारकून भाषणाला उभा राहिला, खिसे चाचपले, म्हणाला, मी सर्वांचं स्वागत करतो, आणि बसला. त्याचं इतकं चांगलं भाषण आम्ही पूर्वी ऐकलं नव्हतं.

मग मास्तर उठले. आईचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, बहिणींची घेतली. अकरा झाली आणि थांबले. हात खिशाकडे गेला, खिसा रिकामा. मला म्हणाले, गझालाबाई, बाराव्याचा चेहरा दिसतोय हो, नाव येत नाहीये. मी त्यांना पाणी दिलं. तेवढ्यात त्यांना आठवलं. नाव घेऊन ते खाली बसले आणि ग्लास परत देताना माझ्याकडे बघत राहिले.

मी उभीच होते. साखरेचं विचारायला कप नव्हता हातात. मग सांगितलं. छावणीत आमच्या बराकीत जमिनीवर कोण कोणाशेजारी झोपायचं तेवढं मला पाठ आहे, म्हणून भिंतीपासून सुरुवात केली आणि जे उठले नाहीत त्यांची नावं घेत दारापर्यंत आले. एकतीस. दाराशी खामूस. वय सात. तू विचारलं होतंस त्याला काय आवडायचं. परातीत किल्ली फिरवायला. बेनगाझीत दर वर्षी ती पाळी त्याचीच. जादोत पीठ नव्हतं, तरी एक दिवस त्याने आईकडून घराची किल्ली मागून घेतली आणि रिकाम्या ताटलीत फिरवत बसला. तेही सांगितलं. टर्की गप्प होत्या, एक सोडून.

मास्तर बिस्किटांच्या खोक्यावर सगळं लिहून घेत होते. मंडळाचा पहिला कागद तोच ठरला. धड्यांत जादो आलं. कारकुनाने स्वतः ठराव मांडला आणि मला विचारलं, आत्याबाई, स्पेलिंग सांगता का.

नंतर दोन्ही मासे वाढले. बसीसाचा विषय निघाला तसे मास्तर लाल झाले. म्हणाले, खोटं बोललो. ती कसली पूड आहे ते कळेना, टाकवेना, म्हणून डबा फ्रिजमध्ये ठेवला. घरी गेले, डबा आणला, उघडला, बोट बुडवलं, आणि बोटाला तुझी किल्ली लागली. मी किंचाळले ते किल्लीसाठी नाही. ज्या सणात घरात कणभर पीठ चालत नाही, ते अख्खं वल्हांडण त्या माणसाच्या घरात डबाभर पीठ होतं!

सगळं छान झालं. आता तू बरा राहा म्हणजे काही मागायचं उरत नाही.

तुझी आत्या

&nbsp;

न्यू यॉर्क,
१० मे १९८७

ती. आत्यास,

शि. सा. न. किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. ट्रकवाल्याला वाचून दाखवायला गेलो, तर दाराशी आल्यावर मला पुढचं वाचता येईना. तो म्हणाला, राहू दे. मग त्याने माझं नाव विचारलं, खरं. आता तेच म्हणतो. काटा अडकतो, खोकतो, पण म्हणतो.

एक गोष्ट कबूल करायची आहे. मारायची असेल तर समोर आल्यावर मार. कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. दुसरी मी इथे ठेवून घेतली होती. तुझं टर्कींचं पत्र आलं त्या दिवशी ती पाकिटात घातली, पत्ता लिहिला, तिकीट लावलं, पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो. मग दार उघडलं तर तीच यादी वाचली जाईल आणि तू पुन्हा तिच्याबाहेर राहशील, हे डोक्यात आलं. परत फिरलो.

ती अजून माझ्याकडेच आहे. पोस्टाने पाठवणार नाही. पुढच्या निसानला घेऊन येतो. परात मांड, पण कोणाला हात लावू देऊ नकोस. पाळी माझी आहे.

तुझा,
खामूस