नववी हिट

शनि. ३ मे
मॅच पावसाने धुतली. कोरं स्कोअरबुक घेऊन घरी. शेजारच्या डोरीनबाईंची कुंपणावरून हाक : "डक, तू आकड्यांचा माणूस ना?" (इकडच्या इंग्रजी बोलीत 'डक' म्हणजे 'बाळा'; शून्यावर आउट नव्हे.) हातात वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण. त्यांचा नवरा वॉल्ट (जाऊन तीन वर्षं) तरुणपणी अमेरिकेत पगारी बेसबॉल खेळला. एकच मॅच, पन्नासच्या दशकातली. मग गुडघा गेला. आयुष्यभर सांगत आला, एक हिट मारली होती. कात्रणातल्या तक्त्यात त्याच्यापुढे हिट शून्य.
आमच्या क्रिकेट क्लबच्या मैदानावर त्याच्या नावाचा बाक बसवायचाय. पितळी पट्टीवर 'एक मॅच, एक हिट'. "पण खोटं कोरून घेणार नाही हं मी."
बेसबॉल येत नाही मला. क्रिकेटचं स्कोअरिंग तरी कोणी शिकवलं होतं? बावीस वर्षं माझ्या बुकात खाडाखोड नाही.

मंगळ. ६ मे
हॉस्पिटलच्या स्टोअर्समधली ड्यूटी संपवून आलो, तीन रंगांची पेनं घेऊन बसलो. तक्ता नव्याने उतरवला. ताळा साधा : आउट अधिक रन अधिक बेसवर (धावेच्या वाटेतल्या थांब्यांवर) अडकलेले, म्हणजे एकूण पाळ्या. सत्तावीस, पाच, आठ. चाळीस. पेपरात पाळ्या छत्तीस! चार गायब. तळाला बारीक अक्षरांत समोरच्या बोलरच्या नावाने 'वॉक ४' आहे, पण ते आपल्या वाइडसारखं, बोलरच्या माथी.
निष्कर्ष : पेपर बेभरवशाचा. ज्याने चार पाळ्या खाल्ल्या, त्याला एक हिट काय जड?
लगेच जाऊन सांगितलं. डोरीनबाईंनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

रवि. ११ मे
लाज. नियम आज नीट वाचले. बोलरने चार चेंडू बाहेर टाकले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो, तो वॉक. चेंडू मारून पोचला तर हिट. वॉकवाला बेसवर गेला, पण त्याची पाळी धरत नाहीत. छत्तीस नि चार, चाळीस. पेपर चोख. मी बेसबॉलला क्रिकेटचे कपडे घातले.
इरा जेवायला आली होती. लेक इथेच, परदेशात जन्मलेली. "बाबा, तुमचा चूक झाला ना? मग सांगा तिला."
"तुमची," मी म्हटलं.
वृंदा आमटी वाढता वाढता, "अहो, व्याकरण राहू दे. आधी जाऊन या."
गेलो. "पट्टीची ऑर्डर शुक्रवारीच दिली मी," एवढंच म्हणाल्या. चहा दिला. साखर विसरल्या, मीही मागितली नाही.

सोम. १२ मे
पट्टीवाल्याला फोन. अजून हात लावला नव्हता. थांबवलं. बरं झालं.

शनि. १७ मे
हिटचा रकाना स्वतः बेरजेला घेतला. आठ. खाली छापलंय नऊ!
उठलो, अंगणात दोन फेऱ्या. पुन्हा उतावळेपणा नको. नऊ हीच छपाईची चूक असेल तर?
तपास. पाच रन झाले, आठ अडकले, म्हणजे निदान तेरा जण बेसवर पोचले. चार वॉकने. समोरच्यांच्या फील्डिंगच्या चुका शून्य. चाळिसाचा ताळा जुळतो, म्हणजे आणखी कोणी फुकट गेलेलं नाही. उरले नऊ. ते हिटनेच. नऊच खरं! कुणाची तरी एक हिट रकान्यातून गळलीय.
कुणाची, ते कात्रण सांगत नाही. वॉल्ट धरून नऊ बॅटर.
डोरीनबाईंना एवढंच सांगितलं, शब्द मोजून.
"म्हणजे तो खोटा ठरला नाही."
"खराही नाही अजून."
"शिकलास हो, डक!"
या वेळी साखर दोन चमचे.

रवि. २५ मे
अमेरिकेतल्या त्या गावच्या ग्रंथालयाला ईमेल. वृंदाने वाचून दोन परिच्छेद उडवले : "त्यांना बेसबॉल शिकवताय?" रात्री उत्तर. समोरच्या टीमच्या गावचा पेपर मायक्रोफिल्मवर आहे, त्यांच्या बातमीदाराने तक्ता स्वतंत्र लिहिलेला. शोधून पाठवतील.
तिथे तरी...

शनि. ७ जून
सकाळी बाक बसला. पट्टीवर वॉल्टचं नाव, खाली 'एक मॅच'. त्याखाली एका ओळीची जागा. बसवणारा विचारत होता, काही राहिलंय का. डोरीनबाई म्हणाल्या, "राहिलंय. येतंय." आणि ओव्हन लावायचा म्हणून घरी गेल्या.
हे चहाच्या सुट्टीत लिहितोय, बाकावरच. ग्रंथालयाची मेल आलीय, सोबत फोटो. उघडला नाही. डोरीनबाई चारच्या बसने केक घेऊन येणार, उघडेन तो त्यांच्यासमोर.
माझा तक्ता शेजारी पसरलाय, वाऱ्याला स्टंपच्या बेल्स ठेवून. सगळे आकडे पेनने. वॉल्टचं शून्य मात्र काल पुन्हा उतरवताना पेन्सिलने काढलं. खोडरबर खिशात.
बस वळणावर दिसतेय.