मिस ओपलची दोन मिनिटं

१६ फेब्रुवारी
अलास्का, मासळी कारखान्याची खोली

शेल,

फोन आपटायचाच होता तर निदान माझं वाक्य तरी पुरं होऊ द्यायचंस. "मी हसलो कारण" एवढं ऐकलंस आणि कट. पत्र आपटता येत नाही. फाडता येतं, पण तू माझी थोरली बहीण आहेस आणि वर मास्तरीण, वाचल्याशिवाय फाडणार नाहीस. लाल पेन मात्र लांब ठेव.

मी बरा आहे. बोटं सगळी जागेवर आहेत. सकाळ-संध्याकाळ कॉड कापतो, अंगाला वास असा बसलाय की साबणाने हात टेकलेत. झुरीला सांग, बाबा तिने पाठवलेली टोपी घालूनच झोपतो. तुझा खोकला कसा आहे? डॉक्टरकडे गेली नसशील. असो.

मी हसलो कारण हसलो नसतो तर फोन भिंतीवर फोडला असता. नेस्टर आणि मी खाटेवर बसून शाळा बंद करण्याची ती बैठक फोनवर पाहत होतो. नेस्टर म्हणजे माझ्या खोलीतला फिलिपिनो, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, सगळ्यांचा काका. शाळेच्या व्यायामशाळेत तुम्ही सगळे रविवारच्या कपड्यांत. चर्चमधल्या आपल्या म्हाताऱ्या मिस ओपलची ती जांभळी टोपी. समोर टेबलामागे राज्याने बसवलेला हॅल्स्टेड साहेब, पाण्याची बाटली आणि दोन मिनिटं मोजणारं ते लाल दिव्याचं यंत्र. आणि एकेकाचं नाव पुकारलं की आपला माणूस उठतो, टोपी काढतो आणि म्हणतो, "माझी दोन मिनिटं रोशेलला." म्हणजे तुला.

चर्चमध्ये आपण असंच करतो. आपण निवडून दिलेली मंडळी त्या टेबलामागे होती तेव्हा तिथेही असंच चालायचं. ज्याला नीट बोलता येतं त्याला सगळ्यांनी आपली वेळ द्यायची. पण ती मंडळी राज्याने घरी पाठवली, शेल. या साहेबाने प्रत्येक वेळी फक्त मान हलवली आणि म्हणाला, "बोलून झालं. पुढचे." एकाच्याही लक्षात आलं नाही. तू उठलीस तेव्हा तुझ्या हातात अर्ध्या तासाचे कागद होते. दुसऱ्या कागदावर लाल दिवा लागला, माइक बंद झाला आणि तुझा आवाजच गेला. नुसते ओठ हलताना दिसत होते.

मिस ओपल ओरडली, "अरे बाळा, माझी मिनिटं तिच्या नावावर आहेत ना!"

"बाई, तुमची मिनिटं तुम्ही वापरलीत."

"मी? मी तर तोंडही उघडलं नाही!"

नेस्टरने मला विचारलं, "हे कोर्ट आहे का रे?"

"नाही. शाळेची बैठक."

"मग कोणी बोलत का नाही?"

"सगळे बोलले, नेस्टर. सगळे एकच वाक्य बोलले."

तेव्हा हसलो मी. तसलं हसू आईला यायचं, बापाच्या मयताला आलं होतं. तुला आठवत असेल.

मग तू फोनवर म्हणालीस, सहा मार्चला शेवटची बैठक आहे, त्यानंतर बेल स्ट्रीट शाळेला कुलूप. आता मिनिटं कोणी कोणाला द्यायची नाहीत, लिहून पाठवलेलं चालणार नाही, मुलांच्या आईबापांनी स्वतः उभं राहायचं. तू झुरीचा बाप आहेस, ये. मी म्हणालो, हंगाम एप्रिलपर्यंत आहे, मधेच सोडलं तर परतीचं तिकीट आपल्या खिशातून आणि हंगामाचा बोनस बुडतो. ते खरं आहे. पण तेवढ्यासाठी मी नाही म्हणालो नव्हतो. तुला ते कळलं, म्हणूनच तू म्हणालीस, "शाळेचं तुला कधी काही वाटलंच नाही."

वाटतं. जे वाटतं ते तुला सांगण्यासारखं नाही.

तू कॉलेजात होतीस तेव्हा मी त्याच शाळेत मागच्या बाकावर होतो. दंगा करणाऱ्यांना बाहेर काढायचे, हुशारांना पुढे बसवायचे, आणि गप्प बसणाऱ्याला वरच्या वर्गात ढकलायचे. मी गप्प बसायचो. पुढचा मुलगा वाचायचा ते कानात ठेवायचो आणि माझी पाळी आली की बोटाने ओळ धरून तेच म्हणून दाखवायचो. आठवी पास झालो तसाच. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आईने केक आणला. पुढे मोठ्या शाळेत दोन वर्षांत उघडा पडलो आणि सोडून दिलं. खरं वाचायला मी इथे शिकलो, पंचविशीत, यंत्रांवरच्या धोक्याच्या पाट्या आणि नेस्टरच्या शिव्या यांच्या मधे कुठेतरी.

म्हणून हॅल्स्टेड म्हणाला की या शाळेतल्या शंभरातल्या अकरा मुलांनाच धड वाचता येतं, आणि तुम्ही सगळ्यांनी हुर्यो केली, तेव्हा मी केली नाही. मला तो माणूस तेवढ्यापुरता खरा वाटला. घे, सांगितलं. आता हवं तर फाड.

पण थांब. अजून एक आहे, आणि त्याच्यासाठीच हे पत्र आहे. बाकी सगळं मी मुद्दाम लांबवत होतो.

मागच्या रविवारी झुरीने मला फोनवर गोष्ट वाचून दाखवली. ती अस्वलाची, मधाच्या पोळ्याची. पुस्तक तिने माझ्याकडे तोंड करून धरलं होतं, तुझ्यासारखं, वर्गाला दाखवतात तसं. बोट ओळीखालून फिरतंय, आवाज कसा खणखणीत. मधेच तिच्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली. समोर चित्र आलं होडीचं, नदीचं. आणि पोरगी वाचतेय, "अस्वल झाडावर चढलं, मधमाश्या चिडल्या." बोट फिरतंच आहे, शेल. एक अडखळ नाही.

नेस्टर शेजारून म्हणाला, "हुशार आहे रे तुझी पोर."

"हो," म्हटलं. "माझ्यावर गेलीय."

आणि तिला म्हणालो, "वा माझी राणी, परत एकदा वाच." आणि तिने वाचलं, आणि मी ऐकलं.

ती तुझ्या घरात राहते. तुझ्याच शाळेत तिसरीत आहे, तुझ्या वर्गापासून चार दारं सोडून. तुला दिसलं नाही, असं मी म्हणणार होतो. रविवारपासून तेच म्हणत होतो मनात. पण आईलाही माझं दिसलं नव्हतं, आणि ती तर माझ्या शेजारी बसून अभ्यास घ्यायची. आम्ही फार चांगले लपवतो. आणि तू संध्याकाळी सातपर्यंत दुसऱ्यांच्या दारात शाळेसाठी सह्या गोळा करत फिरतेयस, हेही मला माहीत आहे. तिला रागावू नकोस. मी सांगितलं असंही सांगू नकोस. नुसतं तिच्याजवळ बसून मधलंच कुठलं तरी पान उघड.

आता साहेबाचं ऐक. याच माणसाने आल्या आल्या वाचन शिकवणाऱ्या मिस टिलमनची जागा काढून टाकली, पैसे वाचवायला. हे मला तूच सांगितलंस, आणि मी तेव्हा नुसतं हं म्हणालो होतो. पेशंट आजारी आहेत म्हणून दवाखान्याला कुलूप लावायचं, असं झालं हे. झुरीला ते हायवेपलीकडच्या शाळेत घालतील, पहाटे अंधारात बस, आणि तिथेही ती मागच्या बाकावर गप्प बसेल आणि पास होईल. तिथे तिला कोणी ओळखतही नसेल.

मी माइकसमोर काय बोलेन ते तुला आवडणार नाही. मी कागद आणणार नाही. मी म्हणेन, ही शाळा मला वाचायला न शिकवता पास करत राहिली. व्यायामशाळेतले सगळे माझ्याकडे वळून बघतील, मिस ओपल टोपी सारखी करेल, आणि तू खाली बघशील. मग मी म्हणेन की म्हणूनच ती बंद करायची नाही. माझ्या मुलीचं देणं लागता तुम्ही, आणि ते इथेच द्यायचं, या इमारतीत, मिस टिलमनला परत आणून. मधेच लाल दिवा लागला तर लागला. दोन मिनिटांत एवढं मावतं की नाही ते नेस्टर घड्याळ धरून बघतोय. काल चार लागली. त्याने शिवी घातली आणि म्हणाला, "रडण्याची वेळ वेगळी धर."

भांडायचं असेल तर समोर भांड. फोन करू नकोस, मीही करणार नाही.

तुझा, मागच्या बाकावरचा,
लॅव्हेल

ता. क. बैठकीच्या दुपारी चर्चच्या तळघरात शाळेसाठी लावलेल्या वकिलाच्या पैशासाठी मासळी तळून विकणार आहात, असं झुरी म्हणाली. या वेळी नेहमी पाठवतो त्या सहाशे डॉलरची वाट पाहू नकोस, ते तिकिटापायी विमानवाल्याने खाल्ले. मासळीचं नाव काढलं तरी मला मळमळतं, पण चार ताटं बाजूला काढून ठेव. एक झुरीचं, एक मिस ओपलचं, एक तुझं. चौथ्यावर तिखट सॉस जास्त घाल आणि कोणाला देऊ नकोस. दहा डॉलरला एक, असं ती म्हणाली. सोबत चाळीस डॉलर.