मामांचा तळमजला आणि एक अडलेली नोंद

१४ नोव्हें. १९९६, गुरु.
आमच्या कोशाचा ‘ल’ विभाग दिवाळीआधी छापखान्यात जायचा होता. गेला नाही. लोककथा, लोकगीत, लोकमत, लोकसंख्या, सगळं कंप्यूटरवर लावून तयार. एकाच नोंदीसाठी अडलंय. इंग्रजीत पॉप्युलिझम. साठे सर (अर्थशास्त्र) तिला लोकानुनय म्हणतात. आमचे संपादक देवधर सर (राज्यशास्त्र) लोकवाद. शेख मॅडम (समाजशास्त्र) म्हणाल्या, आधी वस्तू काय आहे ते ठरवा, बारसं नंतर. माझी अडचण वेगळी. लोकवाद ठरला तर नोंद लोकसंख्येच्या आधी, लोकानुनय ठरला तर नंतर. दोन्हीकडे जागा सोडून ठेवली आहे.
इथे मी तिला नुसतं ‘लो.’ लिहीन.
पहाडगंजातल्या आमच्या ऑफिसात आज लाइट तीनदा गेली. खालच्या गाद्यांच्या दुकानातला कापूस जिन्याने वर येतो, कीबोर्डात शिरतो.

१६ नोव्हें., शनि.
मामा सेक्रेटरीपदाला उभे राहणार. त्यांच्या सरकारी ऑफिसातल्या लोकांची हाउसिंग सोसायटी, गुडगावला. चार मजली, लिफ्ट नाही. वर्षानुवर्षं रखडलेली, आता प्लास्टर चालू आहे. मामा मार्चमध्ये रिटायर, म्हणजे सरोजिनी नगरचं हे क्वार्टर सोडायचं. कुणाला कुठला मजला ते नियमाप्रमाणे ड्रॉ काढून ठरणार. मामांचं म्हणणं, चिठ्ठीला काय कळतं कुणाचे गुडघे कसे आहेत? मामींना या घराच्या तीन पायऱ्यासुद्धा धरून उतराव्या लागतात. ड्रॉमध्ये चौथा मजला आला तर त्या एकदा वर जातील आणि मग...
मामा वाक्य पुरं करत नाहीत.
आता जुनी कमिटी (खन्ना साहेब नि दोघे, तिघेही मोठे अफसर) ऐकून घेत नाही. म्हणून निवडणूक.
मला म्हणाले, “विनू, तू कोशात आहेस. एक पत्रक लिही झकास.”
बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या माणसाला कोशात आहेस म्हणणं! पण बरं वाटलं.

१९ नोव्हें., मंगळ.
जेवणाच्या सुट्टीत पत्रक तयार केलं. कंप्यूटर वापरू का, एवढंच देवधर सरांना विचारून. हिंदीत, कारण सोसायटीत मराठी घरं दोनच.
“सोसायटी हमारी, फ़ैसला हमारा। तीन आदमी बंद कमरे में हमारा घर तय नहीं करेंगे। जिसके घर में कोई सीढ़ी नहीं चढ़ सकता, उसे ग्राउंड फ़्लोर। ड्रॉ नहीं, इन्साफ़।”
शेवटची ओळ माझी. मामांनी दोनदा मोठ्यांदा वाचली. मामी मटार सोलत होत्या. म्हणाल्या, “छान आहे. पण त्या ‘कोई’मध्ये मी आहे ना?”
मामा म्हणाले, “अगं, तूच तर आहेस.”
त्यांनी पुढची शेंग उचलली.

२१ नोव्हें., गुरु.
फजिती. आज ऑफिसात दोन्ही सर आणि मॅडम, तिघांची बैठक. प्रुफांच्या गठ्ठ्यात पत्रकाचा एक कागद गेला. साठे सरांनी उचलला. मला वाटलं, आता संपलं, उद्यापासून येऊ नकोस म्हणतील. तर सर खूश!
“देवधर, हे बघा! नमुना! वाटायचं ते सगळ्यांना वाटून टाकलंय, आणि तळमजले किती आहेत याचा उल्लेख नाही. आज टाळ्या, भुर्दंड उद्या. याला लोकानुनय नाही तर काय म्हणायचं?”
देवधर सर म्हणाले, “तळमजला वाटणं हे काय लोकवादाचं लक्षण आहे? मग म्हाताऱ्यांना बसमध्ये जागा देणंही त्यातच घाला. लक्षण इथे आहे, ‘तीन आदमी बंद कमरे में’. आपण सारे चांगले, ते तिघे वाईट. तळमजला काढून टाका, तरी हे लोकवादच राहील.”
“आणि ते तिघे खरंच वाईट असले तर?” शेख मॅडम.
चहा आला. साठे सर म्हणाले, मॅडम, तुम्ही नेहमी प्रश्नच विचारता, कधीतरी उत्तर द्या. त्या हसल्या. “मला फक्त एवढंच कळत नाहीये, की ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी हे लिहिलंय की त्यांच्या वतीने कुणी दुसऱ्याने?”
तेव्हा मी उठून सांगितलं, माझे मामा उभे आहेत, लिहिलं मी.
साठे सर इतके हसले की ठसका लागला. देवधर सर म्हणाले, “भाषा स्वच्छ आहे.” इतकंच. कान अजून तापलेले.
बसमध्ये विचार करत आलो. म्हणजे मामा लो. आहेत का? सा. सरांच्या मते हो, पण वाटपामुळे. दे. सरांच्या मते हो, पण त्या तिघांमुळे. एकच माणूस, एकच कागद. दोघांचं ‘हो’ एकमेकांशी जुळत नाही.

१ डिसें., रवि.
मामा निवडून आले! भरपूर मतांनी. खन्ना साहेबांनी हात मिळवला, म्हणाले, “दाते जी, बधाई हो। अब बाँटिए।” मामा हसले. पण ‘बाँटिए’ म्हणताना खन्ना साहेब मुळीच हसत नव्हते. मी बघत होतो.
घरी गाजरहलवा.

८ डिसें., रवि.
सभा. मामांनी विचारलं, ज्यांच्या घरी जिन्याची अडचण आहे त्यांनी हात वर करा.
बहुतेक सगळे हात वर.
तळमजल्याचे फ्लॅट मूठभर. मग जे सुरू झालं ते... एकाची आई, एकाचे वडील, एकाची बायपास. सक्सेनाजी म्हणाले सुनेला दिवस गेलेत. कुणीतरी मागून ओरडलं, “अरे, पिछले साल भी गए थे!” हशा. पण सक्सेनाजी रडवेले झाले, ते कुणी पाहिलं नाही. एक बाई आजारी सासूलाच रिक्षातून घेऊन आलेल्या. म्हातारीला काहीच कळत नव्हतं, सगळ्यांना नमस्कार करत होती.
शेवटी मामा उभे राहिले आणि मामींच्या गुडघ्यांचं सांगू लागले. रात्री कशा कळवळतात, संडासात आधार कसा लागतो. भर सभेत. मामी पहिल्या रांगेत. त्यांनी पदर गुडघ्यांवर ओढून घेतला, नुसता.


१० डिसें., मंगळ.
ऑफिसात सांगितलं. साठे सरांना आनंद व्हायला हवा होता, त्यांचंच खरं ठरलं. झाला नाही. म्हणाले, “माझ्या आईलाही जिना चढवत नव्हता रे.” देवधर सर म्हणाले, आता ते तिघे गेले, मग मामांचे ‘लोक’ कुणाच्या विरुद्ध? बघत राहा, लिहून ठेव.
शेख मॅडमनी जाताना एवढंच विचारलं, “मामी काय म्हणतात?”
मला माहीतच नव्हतं. महिनाभर त्यांच्याच गुडघ्यांवर सगळं चाललंय.

११ डिसें., बुध.
सकाळी विचारलं. मामी अंगणात खुर्ची टाकून उन्हाकडे पाठ करून बसल्या होत्या. म्हणाल्या, “मला वरचा हवाय.”
मी म्हटलं, मामी?
“त्या इमारती बघितल्यास का? अगदी खेटून बांधल्यात. तळमजल्यावर थंडीत ऊन यायचं नाही. या गुडघ्यांना बाकी काही नको, ऊन हवं. एकदा चढेन हळूहळू आणि बसेन वर. कुठे जायचंय मला रोज?”
“मामांना सांगितलंत?”
“त्यांनी विचारलं कुठे?”
दिवसभर डोक्यात तेच. त्यांना खरंच वर हवाय, की मामांची सुटका करतायत? चेहऱ्यावरून कळलं नाही. विचारायला हवं होतं. पण मग मीही त्यांच्या वतीने काहीतरी ठरवूनच विचारलं असतं.

१३ डिसें., शुक्र.
मामांना कळलं. मामींनीच सांगितलं, भाजी वाढताना. “आपलं नाव तळमजल्यातून काढा.”
मामा घास हातात घेऊन थांबले. म्हणाले, “काढलं तर लोक म्हणतील नाटक करतोय. ठेवलं तर म्हणतील स्वतःसाठीच केलं सगळं.”
“लोकांचं राहू द्या.”
“अगं, पण तुझ्यासाठीच...”
“माहितीये.”
नव्या कमिटीत ठरलंय असं, की गरज असलेल्यांचा वेगळा ड्रॉ, त्यातून तळमजला. म्हणजे चिठ्ठीला काय कळतं म्हणणारे मामाच चिठ्ठ्या करणार. आपलं नाव त्यात घालायचं की नाही, ते मात्र ठरलं नाही. ड्रॉ रविवारी, २२ तारखेला.
नाव काढणं हेसुद्धा लो. का? दे. सर बहुधा हो म्हणतील. सा. सर म्हणतील, छे, यात वाटप कुठाय.

१४ डिसें., शनि.
देवधर सरांनी नोंद लिहायला घेतली. पहिलं वाक्य सांगितलं, मी टाइप केलं: “या संज्ञेची सर्वमान्य व्याख्या नाही.” मग उठून खिडकीशी गेले. खाली गाद्या टेम्पोत चढत होत्या. म्हणाले, “हे ठेव. पुढचं सोमवारी.” नाव अजून नाही. दोन्हीकडची जागा तशीच.

१५ डिसें., रवि.
मामी म्हणाल्या, मला आतून बघायचंय. तिघे गुडगावला गेलो, दोन बस नि एक टेम्पो. आजूबाजूला मोहरीची शेतं, मध्येच काचेची एक उंच इमारत, अर्धी. आमच्या ब्लॉकला कठडे बसलेले नाहीत. तळमजल्यात खरंच अंधार, ओल. मामांनी भिंतीला हात लावला आणि पँटला पुसला.
मामी जिना चढू लागल्या. भिंतीला हात, एक पायरी, मग दुसरा पाय तिच्यावरच. मी मागे जाऊ लागलो तर “तू नको” म्हणाल्या. मामा खालीच, मान वर करून.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या थांबल्या. वरच्या पायऱ्यांवर ऊन पडलेलं दिसत होतं, त्यांच्यापासून चारेक पायऱ्या वर.
खालून मामा म्हणाले, “काय गं? तुला कुठला हवाय?”
मामींनी वळून खाली बघितलं. मला वाटलं, हसल्या. श्वास लागला होता, भिंतीवरचा हात तसाच. मग त्या नुसत्या उभ्या राहिल्या, आणि आम्ही दोघं खाली वाट बघत.