तळाच्या खणातले टोमॅटो

ताइस्तो,

तू तळ्यावर जाळी काढायला गेलास आणि मी काचघर आवरून टाकलं. दव गोठायला लागल्यापासून तुझं “उद्या आवरू, उद्या आवरू” चाललंय. का, ते मला कळत नाही असं वाटलं का तुला? काचघर बंद झालं की ऑपरेशनला जाईन, असं मीच म्हणाले होते ना! म्हणून आज दहाच्या बसने औलूच्या हॉस्पिटलात निघालेय.

वेल उपटले, पाइपातलं पाणी काढून टाकलं. मग रिकाम्या काचघरात जरा बसले. काचांवर माझाच श्वास साचत गेला, बाहेरचं रान विरघळल्यासारखं झालं. हातांना टोमॅटोच्या पानांचा वास येत होता. वाटलं, उन्हाळा अजून इथेच कुठेतरी बसलाय.

काचघराच्या छपरावर बर्फ साचला की झाडूने काढ, फावडं लावू नकोस. कच्चे टोमॅटो कागदात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवलेत. अंधारात पिकतील हळूहळू. वरच्या खणातले आधी खा.

तळाच्या खणात अगदी हिरवे आहेत. त्यांना पिकायला नाताळ उजाडेल. त्यांना हात लावलास तर बघ! ते मी आल्यावर कापायचे.

आयली