सुनेसमोर न सांगितलेली गोळी

बावडा, ३ नोव्हेंबर २०२५

चि. नागेश यास म्हस्कूदादाचे अनेक आशीर्वाद.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील, सांभाळून वाच. फोन स्पीकरवर लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही, मग अख्खं घर ऐकतं. म्हणून हे पत्र दूध-टेम्पोवाल्या विशालकडं देतोय.

शुक्रवारी तुमच्या बारामतीत मोतीबिंदूचं ऑपरेशन. उजवा डोळा उसाच्या पात्यानं गेला, उरला तो हा एकच. तपासणीला सूनबाई सुकन्या सोबत होती. नर्सबाईंनी गोळ्या विचारल्या, मी बीपीची तेवढी सांगितली. प्रोस्टेटची, लघवीची, सुनेसमोर कशी सांगू? ती मी चंचीत तंबाखूखाली ठेवतो. डोळ्याचा तिच्याशी काय संबंध? तरी शंका नको म्हणून कालपासून बंद केलीय. धाकधूक होते रे. कोणाला बोलू नकोस. माया असू दे.

तुझा,
म्हस्कूदादा

बारामती, ५ नोव्हेंबर

ती. स्व. दादांस कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि ताटावरून उठून लगेच लिहायला बसलो. दादा, संबंध आहे. गेल्या वर्षी माझ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टरांनी आधी हेच विचारलं होतं. त्या गोळीनं बाहुली नीट मोठी होत नाही, भोवतीचा पडदा ढिला पडून ऑपरेशनमध्ये लटपटतो. ठाऊक असलं तर डॉक्टर वेगळं औषध, बारीक हुक घेऊन तयारीनं बसतात. ठाऊक नसलं तर डोळ्याला इजा होऊ शकते. आता बंद करूनही परिणाम जात नाही, उलट लघवी तुंबायची. मनानं काही करू नका.

मेंढरांमागं हिंडताना लांडग्याला न भ्यालेला माणूस सुनेला भितो, याला काय म्हणावं? तुम्ही नाही सांगितलं, तर शुक्रवारी मी येऊन सांगेन, मग सून ऐको की गाव. मला फार भीती वाटतेय. रागावा, पण अंतर देऊ नका.

आपला,
नागेश

बावडा, १२ नोव्हेंबर

चि. नागेश यास अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी तू पोचायच्या आत मी डॉक्टरांच्या टेबलावर चंची सोडून ती गोळी दाखवली. मान वर होईना. तेवढ्यात सुकन्या कानाशी वाकून म्हणाली की आबा, मला ठाव हाय, चंची झटकताना गोळ्यांचं पाकीट घावलं व्हतं, तुमचा मान जाऊ नये म्हणून बोलले न्हाय. डॉक्टरांनी गोळीचं नाव लिहून घेतलं. मग तयारीसाठी ऑपरेशन सोमवारवर ढकललं. पडदा लटपटलाच म्हणे, पण हुक हाताशी होते.

काल पट्टी काढली. पहिली सूनबाईच दिसली. नागेशा, पोरीचे केस पिकायला लागलेत, मला पत्ताच नव्हता. रात्री तिनं ती गोळी ताटाशेजारी ठेवली, पाण्याच्या तांब्याजवळ. मी तिच्यासमोरच घेतली.

ओळी सरळ आल्यात का ते कळव. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझा,
म्हस्कूदादा