व्यासपीठावरची ओळख

मुखेड

श्री. शेषेराव यांस,

नमस्कार लिहिण्याची इच्छा नाही, म्हणून लिहीत नाही.

काल लातुरास आपल्या क्लासच्या समारंभात आपण मला बालमित्र म्हणून व्यासपीठावर बोलावले आणि मुलांना म्हणालात, "बघा, चौथीत शाळा सोडली की माणूस जन्मभर गाद्या भरतो." मुले हसली. आपणही हसलात.

आपण एकाच तरटावर बसून शिकलो. औशाकडे सासरी दिलेल्या आपल्या बहिणीला भूकंपात दोघांनी ढिगाऱ्यातून जिवंत काढले, तेव्हा "खाज्या, तू माझा सख्खा भाऊ हायस" म्हणून आपण माझ्या गळ्यात पडलात. तो शब्द आपण परत घेतला, असे मी समजतो.

आपल्या मुलीच्या, पुनमच्या लग्नाची गादी मात्र मीच भरीन आणि मांडवातही येईन. तेथे माझी ओळख करून देण्याची तसदी आपण घेऊ नये. ती मला चाचा म्हणते. तीच करून देईल.

आपला कोणीही नसलेला,
खाजामियाँ पिंजारी