चादरीचं दुसरं टोक

सोमवार, दुपारची सुट्टी

धाकटे,

लाँड्रीच्या ग्रुपमधून काढायचंच होतं तर आधी सांगायचंस तरी! मी आपली फोन आपटून बघतेय, बिघडला की काय. शेवटी माझ्या जोडीला चादरींच्या घड्या घालणारी ठेंगी म्हणाली, "ताई, फोन ठणठणीत आहे. तुम्हालाच काढलंय." तुझी खुशाली विचारत नाही. वरच्या काचेच्या खोलीत बसलेली रोज दिसतेस.

एवढं काय वावगं बोलले गं मी? तूच लिहिलंस, नव्या पावडरबद्दल मोकळेपणाने सांगा. सगळ्यांनी अंगठे पाठवले. मला लिहायला वेळ लागतो, म्हणून बोलून पाठवलं की ही पावडर हात खाते, जुनी आण. तुला, सुपरवायझरला, सगळ्यांदेखत अगंतुगं केलं, ते झोंबलं का? अगं, ज्यांनी अंगठे पाठवले त्यांच्याच अंगठ्यांना चिरा पडल्यात, बाई.

ठेंगी भली आहे, पण भित्री. मी ओढेन तिकडे येते. तू माझ्या जोडीला होतीस तेव्हा कशी हिसडा द्यायचीस! "ताई, तुझं टोक वाकडं." मला राग यायचा, पण घडी सरळ पडायची. आता आम्हा दोघींत भांडण नाही आणि एक चादर धड नाही.

परवा जेवण झाल्यावर गरम चादरींच्या ढिगाला टेकले, तर डोळा लागला. बघते तो लाँड्रीला भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसती वाफ. चादरी पोहतायत आणि आपल्या बायका त्यांच्यामधून चालतायत, पाय न टेकवता. प्रत्येकीचं तोंड उघडं, पण आवाज नाही. तू लांब, पलीकडचं टोक धरून. मी हाक मारली तर माझ्याही तोंडातून वाफच निघाली. आणि खरं सांगू? बरं वाटत होतं. हलकं हलकं. इथंच राहावं, बोलायची कटकट नको. जागी झाले तेव्हा त्याचीच भीती वाटली.

बाकीच्यांच्या हातांसाठी लिहितेय, एवढंच लिहायचं ठरवलं होतं. पण माझी उजवी मूठ मिटत नाही आता. तू घरी आलीस तेव्हा हात टॉवेलखाली ठेवला होता. पावडर तू निवडलीस, त्यावर मालकाने तुला पहिली शाबासकी दिली, आणि तू लहानपणीसारखी हसत सांगत होतीस. कुठल्या तोंडाने दाखवू?

शुक्रवारी त्या पावडरचं नवं पिंप उघडणार. त्याआधी खाली ये. सगळ्यांना बसव, आणि बोलेल तिला काढणार नाही, असं आधी कबूल कर. मग विचार. मी चुकत असेन तर तोंडावर सांग, चारचौघींत भांड, मी काही विरघळत नाही.

गुरुवारी सुट्टी व्हायच्या आत उत्तर पाहिजे. नाही आलं तर शुक्रवारी मी पिंपाच्या झाकणावर बसलेली असेन. उठवायला दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही. तू यायचं.

तुझी ताई,
कामावरसुद्धा